मामांनी धुतलेला चोथा

कदममामा गेले, आणि पाण्यातले शिसे पाण्यातच राहू लागले.

घटना क्रमाने मांडते.

कदममामा आमच्या रसायनशास्त्र विभागातले प्रयोगशाळा परिचर. कात्रजच्या एका रसवंतीवरून ते उसाचा चोथा आणत. तो वाळवून, दळून, सायट्रिक अ‍ॅसिडबरोबर तापवला की दूषित पाण्यातले शिसे धरून ठेवतो.

पद्धत माझी. पेपर माझा.

एकच पायरी मामांची: तापवलेला चोथा धुणे. मोकळे अ‍ॅसिड आत राहिले, तर शिसे चोथ्याला नीट चिकटत नाही.

पेपरमध्ये मी लिहिले, ‘स्वच्छ धुतला.’ शेवटी आभार मानले, ते निधी देणाऱ्यांचे.

किती वेळा धुता, असे एकदा विचारले होते. म्हणाले, हाताला कळतं.

"हाताला कळतं, हे मी कुठल्या जर्नलमध्ये छापू?"

"मग जर्नलवाल्यांना इकडे पाठवा, मॅडम. बेसिन मोठं आहे."

विभागात सगळे हसले. मी नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात ते स्वतःहून केबिनमध्ये आले. दोन दिवस शेजारी उभ्या राहा, म्हणाले, दाखवून ठेवतो.

मी मान वर न करता म्हटले, "लेखी द्या."

"लिहिण्यासारखं नाही हो ते," म्हणाले, आणि गेले.

त्यांनी लिहून दिले नाही. मी उभी राहिले नाही.

निवृत्तीनंतर महिन्याभरातच मामा वारले; आज त्याला एक वर्ष झाले.

या वर्षात माझ्या विद्यार्थिनीची एकही बॅच जमली नाही. मी तिला निष्काळजी ठरवले. मग तिला बाजूला करून स्वतः धुऊ लागले. रसवंती तीच, अ‍ॅसिड तेच, भट्टी तीच. कधी कमी धुतला, कधी जास्त. पीएच मीटर ठीक म्हणतो. शिसे जिथल्या तिथे.

त्या मुलीची मी काल माफी मागितली. तिला ती खरी वाटली नसावी.

आज सुट्टी आहे, विभाग बंद आहे. सकाळपासून बेसिनपाशी आहे, दोन्ही हात ओल्या चोथ्यात.

हाताला काहीही कळत नाही.

मामांचे स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर कोणी बसत नाही. मीच बसू देत नाही.

कदममामा, तुम्हाला माझा नमस्कार. तो तुम्ही असताना करायचा राहिला.

आता मी शेजारी उभी आहे.

धुणे नेमके कधी थांबवायचे, ते कृपया लेखी कळवावे.