शेजारचा स्लॉट

गोदावरीने कुठे वळावं, एवढंच काय ते आमच्या साडूंना कुणी विचारलं नाही. एरवी नाशकातली कुठलीही गोष्ट त्यांनी आधी आखल्याशिवाय घडली असेल, यावर माझा विश्वास नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात ते संगणक विभाग सांभाळायचे. घरून कारखान्यात जायचे त्यांचे दोन रस्ते ठरलेले होते. पहिल्यावरच्या द्वारका चौकात गाड्या तुंबल्या की दुसरा रस्ता. तो कधी बुजायला नको म्हणून द्वारका मोकळी असली तरी अधूनमधून ते मुद्दाम त्याच रस्त्याने जात आणि उशिरा पोचत. आपण उशिरा आलो यापेक्षा दुसरा रस्ता चालू आहे, याचं समाधान त्यांना जास्त असायचं.

कारखान्याची सगळी ड्रॉइंग एका भल्यामोठ्या स्टोरेजमध्ये साठवलेली असत. स्टोरेज म्हणजे कपाटाएवढं एक यंत्र. त्यात डिस्का भरलेल्या, आणि कारखान्यातले सगळे संगणक नेटवर्कवरून त्यातूनच ड्रॉइंग उघडणार. साडूंचा जीव त्या कपाटात होता. त्याला नेटवर्कशी जोडणारी इथरनेट कार्डं कुठल्या स्लॉटमध्ये, म्हणजे कुठल्या खाचेत बसवायची, या विषयावर ते जेवताना, फिरताना आणि एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या श्राद्धालाही बोलले आहेत. त्यांचं म्हणणं असं की, शेजारशेजारचे दोन स्लॉट आतून एकाच वाटेने पुढे जातात. दोन्हीत वेगवान कार्डं घातली तर एकाचाही वेग मिळत नाही, दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. "म्हणून वेगवान कार्डं लांबलांब बसवायची," ते म्हणत, "आणि मध्ये एखादं संथ."

हे ज्ञान कपाटापुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण साडूंनी ते पंगतीला लावलं. आमच्याकडच्या कुठल्याही कार्यात कोण कुठे जेवायला बसणार हे तेच ठरवत. भराभर जेवणारे दोघे शेजारी बसले तर एका वाढप्याने किती धावायचं, असा त्यांचा सवाल. मी भराभर जेवणारा. त्यामुळे कुठल्याही लग्नात माझ्या एका बाजूला दात नसलेल्या आत्याबाई आणि दुसऱ्या बाजूला पथ्यावरचे कुणी मामा असत. सगळ्यात वेगाने जेवणारी त्यांची स्वतःची मुलगी, आणि तिच्या बरोबरीचे ते स्वतः. म्हणून लहानपणापासून ती पंगतीच्या एका टोकाला आणि ते दुसऱ्या टोकाला. मधल्या माणसांवरून दोघं एकमेकांकडे बघून हसायचे, तेवढंच.

तिचा साखरपुडा ठरला तो नेमका शनिवारी. शनिवार हा कारखान्याचा सुट्टीचा दिवस, आणि त्याच शनिवारी स्टोरेज बंद करून जुनी कार्डं काढायची आणि नवी, कितीतरी पट वेगवान कार्डं बसवायची, हे साडूंनी कधीचंच ठरवलं होतं. पुण्याहून कंपनीचा माणूस त्याच दिवशी येणार होता. रविवारपासून मोठ्या ऑर्डरचं काम सुरू व्हायचं होतं. ड्रॉइंग उघडली नाहीत तर सकाळची अख्खी पाळी यंत्रांपुढे हात बांधून उभी राहिली असती. पोरीच्या गॅदरिंगच्या वेळी साडू त्या कपाटापाशी होते, दहावीच्या निकालाच्या दिवशीही तिथेच. या वेळी ती रडली नाही की रुसली नाही. आम्हा सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "बाबा, नाही आलात तरी मी समजून घेईन. पण आलात तर पूर्ण या."

मग साडूंनी आयुष्यात न आखलेली एक गोष्ट आखायला घेतली, ती म्हणजे स्वतःची गैरहजेरी.

त्यांच्या हाताखाली लासलगावची एक मुलगी होती, नुकतीच इंजिनिअर झालेली. काम तिच्यावर सोपवायचं ठरलं. मग साडूंच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. टीव्हीचं कपाट झालं स्टोरेज. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांची पुठ्ठ्याची कार्डं कापली. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, एका कोपऱ्यात स्विच म्हणून, म्हणजे नेटवर्कच्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी म्हणून, बसवलं आणि मला दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा स्विच म्हणून. एका कार्डाची दोरी ताईंच्या हातात, दुसऱ्याची माझ्या हातात, म्हणजे एक स्विच बंद पडला तरी दुसऱ्यावरून काम चालावं. ताई मध्येच उठून कुकर बंद करायला गेल्या, तेव्हा साडू खूश होऊन म्हणाले, "बघा, एक स्विच गेला. काही अडलं का?" ताईंनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "आता हा स्विच परत येणार नाही. भाजी करपलीय."

लासलगावची मुलगी पुठ्ठ्याची कार्डं न चुकता बसवायची. तरी साडू पुन्हा काढायला लावायचे. शेवटी ती म्हणाली, "सर, लय विचार नका करू. माझ्या घरचं कार्य असतं तर तुमी मला सुट्टी दिली असती ना? मग तुमीबी घ्या की."

साखरपुड्याला साडू आले. कोटाला इस्त्री, कपाळाला गंध. आल्याआल्या मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साडूभाऊ, वाजला तरच द्या. मी मागितला तरी देऊ नका." मी तो खिशात टाकला. मुलीला अंगठी घातली तेव्हा त्यांची नजर तिच्यावरच होती, हे मी शपथेवर सांगतो. त्याआधी आणि त्यानंतर मात्र ती माझ्या खिशावर होती. फोन वाजला नाही. पाहुण्यांच्या पंगती उठल्या तरी वाजला नाही. शेवटी एक मेसेज आला: "सर, झालं. दोन्ही वाटा चालू. माझे पेढे ठेवा."

साडूंनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता ते आनंदाने मिठीच मारतील. ते नुसते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एकदाही विचारावं लागलं नाही हो तिला." इतकं चोख आखलं होतं, की आखणारा लागलाच नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

मग घरच्यांची पंगत बसली. मी सवयीने आत्याबाईंच्या शेजारची जागा शोधत होतो. साडू त्यांच्या नेहमीच्या टोकाकडे निघाले, तेवढ्यात मुलीने शेजारचा पाट ओढला. "बाबा, इथं बसा." लग्नानंतर ती बंगळूरला जाणार होती. साडूंनी एकदा पंगतीवरून नजर फिरवली. वाढपी एकच होता. मग ते तिच्या शेजारी जाऊन बसले.

व्हायचं तेच झालं. आमचा पहिला भात कालवून होईपर्यंत त्या दोघांची ताटं चाटूनपुसून मोकळी, आणि मसालेभाताचं पातेलं पार दुसऱ्या टोकाला. मी वाढप्याला हाक मारणार, तोच साडूंनी हाताने मला थांबवलं.

"येईल हो तो सावकाश," ते म्हणाले, आणि रिकाम्या ताटावर खरकटा हात धरून मुलीशी बोलत बसले.