मागे घेतलेला पेपर

स्वतःचं नुकसान करून घ्यायलाही एवढं शिक्षण लागतं, हे मला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाकडं बघून कळलं. मी पिशोरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. मला असलं नुकसान जमलंच नसतं. हा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, नावापुढं डॉक्टर लावतो, पण कुणाला ताप आला तर काडीच्या उपयोगाचा नाही. लग्न केलं नाही. कितीतरी वर्षांपासून उस्मानपुऱ्यात माझ्याच घरी राहतो. माणसाच्या मेंदूसारखी चालणारी चिप बनवायची, हा त्याचा उद्योग. मेंदू म्हणे सारखा बडबडत नाही. काही सांगण्यासारखं असलं तरच ठिणगी टाकतो, एरवी गप बसतो, म्हणून त्याला वीज कमी लागते. तसं यंत्र झालं तर जगाची केवढी वीज वाचेल, हे तो मला समजावून सांगतो, आणि तेव्हा त्याच्या रिकाम्या खोलीत दिवा आणि पंखा दोन्ही चालू असतात.

या कामात जे साधेल ते लिहून परदेशातल्या मासिकात छापायचं. त्याला पेपर म्हणतात, आणि कॉलेजात बढती पेपरांवर ठरते. त्यातही ज्याचं नाव पहिलं, त्याचं काम मोठं. आमचा शहाणा रात्रंदिवस खपणार आणि पहिलं नाव देणार हाताखाली शिकणाऱ्या पोरीला. का, तर "तिला अजून नोकरी लागायची आहे, मावशी." शेवटचं नाव साहेबांना, म्हणजे त्याच्या विभागाच्या प्रमुखांना, आणि स्वतः मधे कुठंतरी, पंगतीला उशिरा आलेल्या माणसासारखा. हे साहेब एकदा घरी जेवायला आले. पुरणपोळी मोडत म्हणाले, "आमचा पेपर जर्मनीत छापला बरं का, मावशी."

"व्हय का? मग त्यात काय लिवलंय, सांगा की."

साहेबांनी कटाच्या आमटीत बराच वेळ चमचा फिरवला. मी थांबून राहिले होते. तेवढ्यात यानंच साहेबांच्या वतीनं सगळा पेपर सांगून टाकला आणि वर म्हणाला, "सरांची कल्पना होती." दोघांनाही ताटावरून उठवावं असं वाटलं मला.

पुढच्या पेपराला मी अडून बसले. "पहिलं नाव तुझं नसलं तर या घरात भाकरी मिळणार नाही." नाव आलं. त्यांच्या चिपला किती थोडी वीज पुरते, ते त्यात लिहिलं होतं. लांबलांबून कौतुकाची पत्रं आली. त्या एका पेपरावर त्याची प्रोफेसरकी जवळजवळ पक्की झाली होती. महिन्यावर मुलाखत होती.

आणि एका दुपारी तो ते चिपचं यंत्र घरी घेऊन आला, माझ्या जेवायच्या टेबलावर मांडलं. एक वायर कॉम्प्युटरला, एक विजेला. काहीतरी बदलायचं म्हणून त्यानं विजेची वायर काढली. तरी चिपचा दिवा लुकलुकतच राहिला.

मी म्हटलं, "लई भारी! आता तर वीजच लागंना!"

त्याचा चेहरा उतरला. कॉम्प्युटरच्या वायरीतून चिपला गुपचूप वीज मिळत होती आणि मोजताना ती यानं धरलीच नव्हती. म्हणजे छापलेले आकडे खोटे. मुद्दाम नव्हे, पण खोटे.

"कुणाला कळलंय का?" मी विचारलं.

"मला कळलंय ना."

"मुलाखत होऊ दे. मग कळव."

"मावशी, लोक या आकड्यांवर पुढचं काम करतायत. त्यांची वर्षं फुकट जातील."

"आणि तुझी गेली ती?"

त्याच संध्याकाळी पत्र लिहून त्यानं पेपर मागे घेतला. साहेबांचा फोन आला, तो मलाही स्वयंपाकघरात ऐकू येत होता: "अहो, माझं नाव आहे त्यावर!" हा नुसता "हो सर, चूक माझी," म्हणत होता. साहेबांचं नाव श्रेय उचलायला असतं, चूक उचलायला नसतं, एवढं मला चौथीच्या शिक्षणावर समजतं. मुलाखतीत काय व्हायचं ते झालं. प्रोफेसर दुसराच झाला. मी दोन दिवस याच्याशी बोलले नाही, आणि हा दोन्ही दिवस पोटभर जेवला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा जागा निघाली, यानं अर्ज भरला, आणि पेपरांच्या यादीत तो पेपरही लिहिला. पुढं कंसात 'मागे घेतला'. मागे घेतलेला पेपर लिहा, असं कुणी सांगत नाही. मी दर वेळी ओरडले, "ती एक ओळ गाळ, मेल्या!" त्यानं कधी गाळली नाही.

परवा तो शेवटचा अर्ज भरत होता. पुढच्या वर्षी निवृत्त होईल. केस पार पिकलेत, चष्मा नाकावर घसरतो. मी त्याच्यापुढं चहा ठेवायला गेले. यादीत ती ओळ कुठं असते ते मला बघून बघून पाठ झालंय. तोंड उघडलं होतं मी. तो खाली मान घालून माझ्या ओरडण्याची वाट बघत होता.

म्हटलं, "तेवढी ओळ बारीक अक्षरात का रे? बाकीच्यांएवढी कर. लपवल्यासारखी दिसते."