टर्बो गार होईपर्यंत

"पोरगी घरी असती तं तिला आवाजावरूनच कळलं असतं," आत्या म्हणाली. ती माजघराच्या दारात पाठमोरी बसून शेजारच्या बायकांशी बोलत होती. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे, हे तिला दिसलं नव्हतं. तिच्या बोलण्यात कुणाला दोष देण्याचा हेतू नव्हता, उलट ते माझं कौतुकच होतं. पण आत भिंतीला टेकून काकू बसली होती. तिने डोळे उघडले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. एक बाई म्हणाली, "व्हय की, गाडीचं सगळं हिलाच माहीत." काहीतरी बोलायला हवं होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि परसात जाऊन उगाच हात धुतले. माणसांत मला बोलता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचं कुणाला काही वाटलं नाही.

माझे काका गेले त्याला आता काही आठवडे झाले. बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. बाबा म्हणाले, "दादा गेला. गाडीतच गेला." मला वाटलं अपघात. नांदेडच्या रस्त्यावरचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या डोळ्यांपुढे आल्या. मी विचारलं, कुठे झाला? बाबा म्हणाले, "अंगणात." हा शब्द मला समजेचना. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. गाडी अंगणात उभी होती, कुठेही धडकली नव्हती, नुसती चालू होती... पूर्ण प्रवासभर मी ही दोन वाक्यं एकमेकांना जोडून पाहत होते. अंगणात. चालू होती. डोंगरकडा गाव मागे पडून घराचा फाटा आला तेव्हा कुठे ती जुळली.

ती कशी जुळली, ते कळायला काकांची गाडी माहीत असायला हवी. बाबांच्या बदल्या होत राहायच्या, म्हणून मी काका-काकूंकडे वाढले. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. काकांचं आखाडा बाळापूरला बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. मला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेची बस बाळापूरहून सुटायची. तिथपर्यंत सकाळी सोडायला आणि संध्याकाळी आणायला काका जायचे, त्यासाठीच त्यांनी ती गाडी जुनी म्हणून घेतली होती. दोन हजार सीसीच्या आतबाहेरचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, बॉनेटवर हवा आत घेणारं एक नाक. त्या वेळी आमच्या भागात टर्बोची गाडी म्हणजे अप्रूप होतं. गाडी सावकाश निघायची, आणि मग मधेच कुठेतरी बारीक शिट्टी वाजून पाठीत कुणी ढकलल्यासारखी पळायची. ती शिट्टी आली की काका माझ्याकडे बघून भुवया उडवायचे.

पहिल्याच वर्षी तो टर्बो गेला. चढावर गाडीने मागे निळा धूर सोडला, इतका की मागची जीप थांबली. नांदेडच्या मिस्त्रीने टर्बो उघडून दाखवला आणि काकांना त्यांची चूक सांगितली. घरी आल्या आल्या ते किल्ली फिरवून उतरायचे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं चाक; त्याचा दांडा ऑइलवर तरंगत फिरतो. इंजिन एकदम बंद केलं की ऑइल येणं थांबतं, पण आत तापून लाल झालेलं ते चाक फिरतच असतं. मग तिथलं ऑइल जळतं, त्याची काजळी धरते आणि सील जातात. म्हणून आल्यावर गाडी न्यूट्रलला ठेवून थोडा वेळ तशीच चालू राहू द्यायची. काकांनी हे इतकं मनावर घेतलं की नंतर गाडी जुनी होत गेली तरी, लांबून आले काय आणि कोपऱ्यावरून आले काय, ते उतरण्याआधी बसून राहायचेच. हँडब्रेक ओढायचा, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे, समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहायचं.

लोक हसायचे. आत्या तर तोंडावर म्हणायची, "दादा, गाडी हाय का म्हैस? पान्हवेस्तोवर जवळ बसून राहाव लागते." काका म्हणायचे, "म्हशीला तरी लात मारता येते बाई, हिला तेबी येत न्हाई." पण त्यांनी सवय सोडली नाही आणि हळूहळू सगळं घर त्या सवयीवर चालू लागलं. गाडी फाटकातून आत आली की काकू चहा टाकायची आणि इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं की गाळायची. मधल्या वेळात कुणी गाडीजवळ जायचं नाही. एकदा कुणीतरी खिडकीशी जाऊन बियाण्याची तक्रार सांगू लागलं, तेव्हा काका त्याला म्हणाले होते की दिवसभर दुकानात मी तुमचाच आहे, एवढं गार होईस्तोवर मला माझं राहू द्या.

त्या वेळात गाडीत बसायची परवानगी फक्त मला होती. शाळेत मी कुणाशी बोलत नसे. तिथली मुलं शहरातली, माझं इंग्रजी पुस्तकातलं आणि मराठी गावाकडचं. गावात मी इंग्रजी शाळेची म्हणून मुली जरा लांबच राहायच्या. काका बहुधा काहीच विचारायचे नाहीत. कधी तरी समोर बघतच म्हणायचे, "आज कोणाशी बोललीस का, माय?" मी मान हलवायचे, होकाराची किंवा नकाराची, आणि ते "बरं" म्हणायचे. इंजिन एका लयीत धडधडत असायचं, सीटमधून ती थरथर पाठीत यायची. मला आजवर इतकं सुरक्षित कुठेच वाटलेलं नाही. पुढे मी मोठी झाले, बरोबर नसले तर घरापुढच्या ओट्यावर थांबायचे आणि कुणी गाडीकडे निघालं की हात पसरून आडवी यायचे. "थांबा, टर्बो गार व्हायचाय." परक्या माणसाशी मोठ्या आवाजात बोललेलं माझं लहानपणीचं हे एकच वाक्य असेल. काकूलासुद्धा मी ते ऐकवायचे. ती हसून मागे फिरायची.

गाडीची दुखणी मला कानांनी ओळखता यायची हे खरं आहे. थंडीत सकाळी किल्ली अर्धी फिरवून हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट बघावी लागे. एखादा हीटर प्लग गेला असेल तर गाडी तीनच सिलिंडरवर उठायची, पांढरा धूर सोडत, खडखडत. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी पाईप चिरला की ती शिट्टी फाटायची, पिकअप जायचा आणि मागे काळा धूर. एकदा भर रस्त्यात काकांनी त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि त्याच पट्टीवर आम्ही पूर्ण पावसाळा काढला. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचलं की इंजिन उचकी लागल्यासारखं करायचं. टायमिंग बेल्ट मात्र त्यांनी कधी तुटू दिला नाही, तुटायच्या आधीच बदलायचे. मी घरात अभ्यास करत असताना सांगायचे की आज डिझेलचं नोझल टकटकतंय, आणि काका सगळ्यांना सांगत फिरायचे की आमच्या पोरीचा कान मिस्त्रीचा आहे. आत्याचं ते बोलणं तिथूनच आलं.

त्या दिवशी दुपारी काका बाळापूरहून आले. काकूने फाटकाचा आवाज ऐकला, चहा टाकला. इंजिन चालू होतं. चहा उकळला, ती थांबली. चहा आटला म्हणून तिने त्यात पाणी घातलं आणि मनाशी म्हणाली, आज ऊन फार आहे, जास्त तापली असेल. समोरच्या घरातले शेजारी ओसरीवर बसले होते. त्यांना स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेले काका स्पष्ट दिसत होते, रोज दिसत तसेच. रस्त्याने माणसं गेली, एकाने हात केला आणि उत्तर आलं नाही याचं त्यालाही काही वाटलं नाही. चहा दुसऱ्यांदा आटला तेव्हा काकू बाहेर आली. खिडकीशी जाऊन आधी ती त्यांना रागावली, काहून इतका वेळ बसून राहिलेत म्हणून... तिला गाडी बंद करता येत नव्हती. शेजाऱ्यांनी काकांना उचलून बाहेर काढलं, दुसऱ्याच्या गाडीत घातलं, ती गाडी फाटकाबाहेर गेली, तरी आमची गाडी अंगणात चालूच होती. कुणीतरी नंतर किल्ली फिरवली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदय बंद पडलंय. केव्हा, ते त्यांनाही सांगता आलं नाही. लवकर आणलं असतं तर, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते पुढच्या पेशंटकडे वळले.

भेटायला आलेल्यांपैकी काहींनी इंजिन आणि काळीज यांचा मेळ घालून काही ना काही म्हटलं. मला ते सहन झालं नाही. इंजिनात त्या दिवशी काहीही बिघाड नव्हता, हेच तर मला झोपू देत नाही. टकटक नव्हती, उचकी नव्हती, धूर नव्हता. अख्ख्या घराला आणि गल्लीला तो आवाज म्हणजे काका ठीक आहेत असंच सांगत होता आणि आत काका नव्हते.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा घरी गेले. गाडी लिंबाखाली तशीच होती, काचेवर पाला पडलेला. ती विकावी असं बाबांचं म्हणणं होतं. काकू म्हणाली, उभ्या उभ्या खराब होईल, एकदा फिरवून आण. मग स्वतःच पदर सारखा करून शेजारी येऊन बसली. गाडी मला काकांनीच शिकवली होती. मी दिवा विझू दिला, मग सेल्फ मारला. जरा कुरकुरली आणि सुरू झाली. बाळापूरपर्यंत गेलो, दुकानाच्या बंद शटरसमोरून वळलो आणि परत आलो. चढावर शिट्टी वाजली तेव्हा काकूने दाराची कडी घट्ट धरली.

अंगणात येऊन मी न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला. हात आपोआप स्टेअरिंगवर गेले. काकू उतरली नाही. इतक्या वर्षांत ती त्या वेळात गाडीत कधीच बसली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो सगळा काळ ती आत चहापाशी उभी असायची. तिने सीटवर तळवा टेकवून ती थरथर बघितली. समोर लिंब होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "असंच वाजत होतं बघ. असंच, बराबर." आणि मग, "तू असतीस तं तुला कळलं असतं, न्हाई का?"

आत्याचं वाक्य ती इतके दिवस जवळ घेऊन बसली होती. आणि मीही, माझं कौतुक म्हणून नव्हे, तर कुठेतरी ते खरं असेल या भीतीने. मी इंजिनाकडे कान दिला. ते चांगलं चालू होतं. त्या दुपारी मी घरात असते तर काय केलं असतं, ते मला त्या आवाजात अगदी स्वच्छ दिसलं. ओटा, मी, माझे आडवे पसरलेले हात... मी काकूचा हात धरला आणि म्हणाले, "काकू, मी घरी असते ना, तर मी तुलाही गाडीपाशी जाऊ दिलं नसतं."