सेंटर बॅकने वाट सोडली

“जुओ, जुओ! बघा, वारली पोराने वाट सोडली!”

शेठ मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून मांडीवर थाप मारत हसत होता. बॉल माझ्या मागे गोलात. मी बाजूला सरून, मान खाली घालून उभा. मी आमच्या फुटबॉल टीमचा सेंटर बॅक. अडवायचं काम माझं.

कुणी धक्का दिला नव्हता. मीच सरलो होतो.

तलासरीच्या रस्त्यावर आमचा पाडा. सगळा पाडा शेठच्या चिकूच्या वाडीत राबायचा. वेठ बंद झाली म्हणायचे. पण शेठ किंवा त्याचा मुलगा समोरून आला की आम्ही वाटेखाली उतरायचो. चालायला लागलो तेव्हापासून बा दंड धरून मला खाली ओढायचा. पायांना ते पाठ झालं होतं.

डहाणूच्या शाळेत मास्तर म्हणायचे, “हा पुढे असला की गोलकीपरने खुशाल झोपावं.” पण त्या दिवशी बॉल घेऊन आला तो शेठचा मुलगा. कॉलेजच्या सुट्टीत मुंबईचे दोस्त घेऊन आमच्या शाळेशी खेळायला आलेला. त्याचं तोंड दिसलं आणि माझे पाय सरले. थोबाडीत बसली असती तर परवडली असती. शरमेने अंग नुसतं जळत होतं.

कडेला बा शेठच्या गाडीचे बैल धरून उभा होता. तोही हसला. शेठ हसला की हसायचं असतं.

हाफटाइमनंतर मुलगा पुन्हा आला. मी सरणारच, म्हणून सरळ माझ्या अंगावर.

“सर रं पोरा, सर!” बा ओरडला.

नाही सरलो. बॉलला पाय घातला. बॉल माझ्याकडे, तो धुळीत. पंचाने शिटीसुद्धा वाजवली नाही.

शेठ उठला. “माज आला? पाय धर त्याचे!”

मी हललो नाही. मास्तरांनी नजर वळवली. मग बा धावत आला आणि माझ्याऐवजी त्यानेच त्या पोराचे पाय धरले. माझ्या बापाने. सगळ्या शाळेसमोर.

संध्याकाळी पाड्याकडे निघालो. समोरून शेठची गाडी आली. शेठ आत, बा हाकत होता.

“खाली उतर!” शेठ ओरडला.

मी वाटेच्या मधोमध उभा राहिलो. गोलसमोर राहतात तसा. बाने माझ्याकडे पाहिलं. मग कासरा ओढला. गाडी वाटेखाली उतरली, शेठसकट.

उद्या वाडीतून काढतील. शाळेतूनही काढतील. काढू देत. पण आता मी खाली उतरणार नाही. ज्याला पुढे जायचंय, त्याने वळून जावं.