त्रयस्थ आणि बांधावरचा

माझ्या साडूंइतका दुसऱ्याच्या भानगडीत न डोकावणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात मिळायचा नाही, आणि त्यांचं पोट मात्र दुसऱ्यांची कागदपत्रं हाताळण्यावरच चालतं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं कागद पुढे केला की ते तो पालथा करून घेतात, तसाच मशीनच्या काचेवर ठेवतात, झाकण लावतात आणि बटण दाबताना नजर वर पंख्याकडे लावून उभे राहतात. परिणाम असा होतो की निम्म्या प्रती तिरक्या निघतात. कुणाची जन्मतारीख कापली जाते, कुणाचं आडनाव अर्धंच उमटतं. एकदा मैंदर्गीहून सातबारा घेऊन आलेले एक म्हातारबा वैतागून म्हणाले, "मालक, जरा बघून काढा की. माझाच उतारा हाय, चोरीचा न्हाय." त्यावर साडू शांतपणे म्हणाले, "तुमचा हाय म्हणूनच बघत न्हाय मी." बिघडलेल्या प्रती ते कचऱ्यात टाकत नाहीत. बारीक फाडून पिशवीत भरतात, घरी नेतात, आणि सकाळी आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्या बंबात घालते. त्यांच्या घरी आंघोळीचं पाणी गावाच्या गुपितांवर तापतं, असं मी म्हणतो. त्यावर आक्का हसते, साडू हसत नाहीत.

हे वेड त्यांना पहिल्यापासून नव्हतं. लेकीनं त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि त्यात उजेडासाठी बॅटरीचं एक अॅप टाकलं, तिथून सुरुवात झाली. त्या अॅपनं म्हणे फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली. साडू दोन्ही हातांनी फोन धरून माझ्याकडे आले. "साडूभाऊ, उजेड पाडायला हिला माझ्या पाव्हण्यारावळ्यांचे नंबर कशाला पायजेत?" मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली, लोकांना जिथं दाखवीन तिथं सही करताना बघितलेलं. 'मान्य आहे' हे बटण दिसलं की माझा अंगठा आपोआप तिकडे जातो. मी म्हटलं, द्या हो परवानगी, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगीचच शर्टाची वरची गुंडी लावावीशी वाटली.

त्यानंतर त्यांनी अटी आणि शर्ती वाचायला सुरुवात केली. जगात त्या वाचणारा माणूस असतो हे त्या लिहिणाऱ्यांनाही माहीत नसावं. गड्ड्याच्या जत्रेत एका स्टॉलवर नाव आणि फोन नंबर लिहून डब्यात चिठ्ठी टाकली की सोडतीत मिक्सर मिळणार होता. साडूंनी त्या स्टॉलवाल्याला विचारलं, सोडत झाल्यावर या चिठ्ठ्यांचं काय करणार? तो म्हणाला, काका, तुम्हाला मिक्सर नको का? साडू म्हणाले, मिक्सरचं नंतर बघू, चिठ्ठ्यांचं सांगा. मागच्या रांगेतली माणसं जाऊन भजी खाऊन परत आली तरी हे तिथंच. लग्नात आहेराच्या पाकिटावर ते नाव घालत नाहीत. कुणी किती दिलं हे तिसऱ्यानं वहीत का लिहावं, हा त्यांचा सवाल. त्यामुळे निम्म्या नातेवाइकांचा समज आहे की हे जेवून जातात आणि आहेर बुडवतात. आक्कानं यावर पुष्कळ डोळे पुसलेत. मी शाखेत असताना त्यांनी तिथं खातं काढायला ठाम नकार दिला. "तुमाला माझी शिल्लक दिसंल," म्हणाले, "मग आपलं नातं बिघडंल."

पण साडूंचं खरं जगणं दुकानात नव्हतं आणि लग्नमांडवातही नव्हतं. ते एका मराठी साईटवर होतं. या साईटवर तंत्रज्ञानाच्या बातम्या येत, आणि बातमीखाली वाचक वाद घालत. चौकात चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवावेत का, गावात तणाव झाला की इंटरनेट बंद करावं का, निरोप कुणी पहिल्यांदा पाठवला हे सरकारला कळलं पाहिजे का, असले विषय. तिथं कुणाचंही खरं नाव नसे. साडूंनी 'त्रयस्थ' हे नाव घेतलं होतं, आणि त्यांचा कायमचा विरोधक होता 'बांधावरचा' नावाचा कुणी एक.

संध्याकाळी गिऱ्हाइकं ओसरली की मी दुकानाच्या बाकावर जाऊन बसायचो आणि साडू मला दिवसभराचं युद्ध वाचून दाखवायचे. बांधावरच्याची प्रत्येक प्रतिक्रिया 'मुद्द्याचं बोला' या दोन शब्दांनी सुरू व्हायची. त्याच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती आणि पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यामुळे सापडली होती. 'चोर सापडला, मोटर सापडली, पण मोटर ज्या चादरीत गुंडाळली होती ती चादर कुणाची हे अजून कळलेलं नाही,' असं त्यानं लिहिलं होतं. एकदा त्यानं लिहिलं, 'तुमच्या घराला भिंत असते म्हणून तुम्हाला खासगीपण सुचतं. शेताला भिंत नसते. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर हीच शेताची भिंत. कॅमेरा म्हणजे तीच नजर.' त्या दिवशी साडू मशीन बंद करून विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर तयार होतं. येणाराजाणारा आपल्या ओळखीचा असतो, तो जितका आपल्याला बघतो तितकंच आपण त्याला बघतो आणि उद्या त्याला जाब विचारू शकतो. कॅमेऱ्यामागे कोण बसलंय हे आपल्याला कुणी सांगत नाही. हे वाचून दाखवताना त्यांचा आवाज इतका चढला, की शेजारचा स्टॅम्पवाला वाकून बघून गेला. खूश होऊन त्यांनी मला वडापाव खाऊ घातला, ही घटना विरळा. उत्तराच्या शेवटी मात्र त्यांनी 'मेंढरासारखी मान डोलावणारे' असा एक शब्दप्रयोग केला होता. तो बांधावरच्यासाठी होता.

आता साडूंच्या व्याह्यांबद्दल सांगायला हवं. साडूंची एकुलती एक लेक मोहोळजवळच्या एका गावात दिलेली आहे. सासऱ्यांना ती आण्णा म्हणते. आण्णा म्हणजे पांढरी टोपी, स्वच्छ धोतर आणि मोजके शब्द. साडू आणि ते समोरासमोर आले की एवढंच बोलणं व्हायचं: "घ्या की पाव्हणं." "न्हाय, बास झालं." "पाऊस कसा हाय तिकडं?" "बरा हाय." आण्णा काहीही म्हणाले तरी साडू "बरोबर हाय" म्हणत. मुलीच्या बापानं व्याह्यांशी वाद घालायचा नसतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जगातल्या प्रत्येक धोरणाला हरकत घेणारा हा माणूस व्याह्यांपुढे मान खाली घालून भाकरी कुस्करत बसायचा. ते बघताना मला मजा वाटायची आणि थोडं वाईटही वाटायचं.

पंचमीला लेक माहेरी आली. आम्ही सगळे जेवत होतो आणि ती सासरच्या गमती सांगत होती. म्हणाली, आण्णांची विहिरीवरची मोटर गेली होती, पंपावरच्या कॅमेऱ्यात चोराची गाडी दिसली म्हणून सापडली. "चोर घावला, मोटर घावली, पण ती चादर कुणाची हे अजून कळंना झालंय." ती खळखळून हसली. साडूंचा शेंगाचटणी लावलेला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मला सगळं सांगितलं आणि कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घातली. लेकीच्या सासऱ्याला आपण चारचौघांत मेंढरू म्हणालो, याची त्यांना धास्ती होतीच. पण त्याहून दुसरीच गोष्ट त्यांना जास्त लागली होती. "त्या माणसानं आपलं नाव झाकून ठिवलं होतं साडूभाऊ. मी ते झाकण उघडलं."

"तुम्ही कुठं उघडलं? पोरगी बोलून गेली."

"ऐकलं तर मीच की."

पुढे काही दिवस त्रयस्थ गप्प होता. मग बांधावरच्यानंच लिहिलं, 'मुद्द्याचं बोला. त्रयस्थ दिसत नाहीत. हरले काय?' ते वाचून साडूंच्या अंगात पुन्हा वारं भरलं. जरा सबुरीनं घ्या, असं मी सुचवलं, तर म्हणाले, "एवढ्या तयारीनं भांडणाऱ्या माणसाला दया दाखवायची म्हंजी त्याचा अपमान हाय." आणि ते पूर्वीच्याच जोमानं भांडू लागले. शिवी तेवढी गेली. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ असावा. साईटवर ते ज्याला घाम फोडायचे, त्यालाच दिवाळीला "पाऊस कसा हाय" असं विचारायचे.

मग साईटनं नवा नियम काढला. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकानं खरं नाव आणि फोन नंबर द्यायचा, आणि जुन्या लिखाणावरही तेच खरं नाव दिसणार. ज्याला हे नको असेल त्यानं महिनाअखेरपर्यंत खातं बंद करावं. साडूंनी लांबलचक हरकत पाठवली. उत्तर आलं नाही. नाव दिलं तर लेकीच्या सासरी एके दिवशी कुणीतरी ते मेंढरू त्यांच्या नावासकट वाचणार होतं. न द्यावं, तर ज्या एकाच माणसाशी ते मनापासून बोलत होते तो जाणार होता. महिना संपत आला तरी त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी बांधावरच्यानंच ठरवलं. त्यानं लिहिलं, 'नाव लावून बोलायचं तर मला गावातल्या पारावर बसता येतं. तिथं मी गप्पच असतो. या एका बाबतीत त्रयस्थ यांचं बरोबर आहे, हे लिहायला मला लई जड जातंय. रामराम.' पहिल्यांदाच त्याच्या प्रतिक्रियेच्या सुरुवातीला ते दोन शब्द नव्हते. साडूंनी त्याच संध्याकाळी खातं बंद केलं. मी म्हटलं, निदान त्या वादांची एक प्रत काढून ठेवा, मशीन तर समोरच आहे. "त्याचं लिवणं हाय ते," म्हणाले. "त्याला न इचारता?"

त्यानंतर दुकानातल्या प्रती सरळ निघू लागल्या. गिऱ्हाइकं खूश होती, मला मात्र काळजी वाटायला लागली. साडू आता पंख्याकडे बघत नव्हते. मान खाली घालून काचेखालचा उजेड इकडून तिकडे सरकताना नुसते बघत राहायचे.

यंदा उन्हाळ्यात आण्णांना सोलापूरला दवाखान्यात आणलं. हाताला कंप सुटला होता आणि बोलताना मधेच शब्द सापडत नव्हते. तपासण्या चालू होत्या म्हणून ते साडूंकडेच उतरले. सुनेच्या माहेरी राहायला त्यांना फार अवघड वाटत होतं. एका दुपारी जेवणं झाल्यावर मी गेलो, तर दोघं बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसलेले. मधे चहा. आण्णांनी पेपर चाळला आणि म्हणाले, "चौकाचौकांत क्यामेरे बसवायलेत. चांगलं झालं की."

नेहमीप्रमाणे "बरोबर हाय" यायला हवं होतं. साडू म्हणाले, "मला न्हाय पटत पाव्हणं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. लेक सासऱ्यांबरोबर आली होती, ती दारात येऊन उभी राहिली. आण्णांनी पेपराची नीट घडी केली. "का न्हाय पटत?" ते म्हणाले. "मुद्द्याचं बोला."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग ते बोलायला लागले, आधी चाचरत आणि मग भरभरून. चित्रं कोण बघणार, किती दिवस ठेवणार, चुकीचा माणूस धरला तर भरून कोण देणार. आण्णा टोपी सरळ करत पुढे सरकून बसले. उत्तर द्यायला त्यांनी कप उचलला तसा चहा बशीत हिंदकळला. "ते घरवाल्यांचं ठीक हाय," ते म्हणाले. "पण शेताला... शेताला काय नसतंय... मी मागं कुटंतरी..." पुढचा शब्द येईना. ते कपाकडे बघत बसले. तोंड उघडायचे आणि मिटायचे.

"भिंत नसते," साडू हळूच म्हणाले. "येणाऱ्याजाणाऱ्याची नजर हीच शेताची भिंत. क्यामेरा म्हंजी तीच नजर."

आण्णांनी मान वर केली. बराच वेळ त्यांनी साडूंकडे पाहिलं. "व्हय," म्हणाले. "त्येच म्हणायलोय मी."

"ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाय पाव्हणं," साडू म्हणाले. "तुमचं बरोबर हाय."

लेकीनं सुस्कारा सोडला. आत भांडी पुन्हा वाजायला लागली.

निघताना साडू मला सोडायला फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, "उत्तर होतं की तुमच्याकडं. मला वडापाव खाऊ घातला होता तुम्ही त्या उत्तरावर."

"ते त्रयस्थाकडं होतं."

"आणि दया म्हणजे अपमान असतो ना?"

"त्यांचा हात बघितला का तुमी?" साडू म्हणाले. "तितं हात दिसत नव्हता." फाटकाची कडी ते उगीचच वर-खाली करत राहिले. इतक्या वर्षांत हा माणूस मला वादात हरलेला दिसला तो त्या दिवशीच, आणि माझा त्यांच्यावर इतका जीव आहे हेही मला तेव्हाच कळलं. मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "कुटं असंल हो आता बांधावरचा?"

आतून कपबशीचा आवाज आला तसे ते वळले आणि लगबगीनं आत गेले, कारण कप भरलेला असला की आण्णांना तो एका हातानं धरवत नाही.