धुळ्याच्या मैदानावरची हाक

जळगाव स्टेशनावर मला उतरवून घ्यायला चार माणसं आली होती आणि माझ्याजवळ पिशवी होती एकच. ती कोणी उचलायची यावरून त्या चौघांत असं काही प्रेमळ भांडण जुंपलं, की पिशवीचा बंदच तुटला. "ताई, तुम्ही काळजी करू नका, आम्ही शेतस ना!" (आहोत ना!) असं म्हणत त्यांच्या पुढाऱ्याने, कापडदुकानदार मोतीलालभाऊंनी, ती लहान मूल घ्यावं तशी दोन्ही हातांवर घेतली.

मी तेव्हा पुण्यात समाजकार्याचा अभ्यासक्रम करत होते. अपंग खेळाडूंना धुळ्याच्या स्पर्धेला नेणाऱ्या या स्वयंसेवकांबरोबर काही दिवस राहायचं आणि अहवाल लिहायचा, एवढंच माझं काम. निघताना सरांनी बजावलं होतं, "फक्त निरीक्षण करा. मध्ये पडू नका."

निरीक्षणाची सुरुवात जेवणापासून झाली. मोतीलालभाऊंच्या एका मित्राच्या मळ्यात कापूसकाड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी होती. पहिल्याच घासाला भरितातल्या मिरचीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मंडळींना वाटलं, पोरीला आईची आठवण आली. सगळे हळवे झाले आणि माझं सांत्वन म्हणून मला आणखी भरीत वाढण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोतीलालभाऊंच्या मेव्हण्याच्या ट्रकमधून धुळ्याला निघालो. एरवी त्यात कापसाच्या गासड्या असत. आज सतरंज्या आणि खेळाडू होते. माझ्या शेजारी सुमनताई बसल्या होत्या. फैजपूरच्या शाळेत शिक्षिका, लहानपणी पोलिओने एक पाय गेलेला, आता गोळाफेकीत उतरणार होत्या. गिरणेचा पूल मागे पडला. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कपाशी दिसत होती.

एरंडोलच्या पुढे चाक पंक्चर झालं. सुमनताईंनी कुबड्या सरसावल्या, तोच दोन स्वयंसेवकांनी त्यांना न विचारता अलगद उचलून खाली ठेवलं आणि तिसरा वारा घालू लागला.

"भाऊ," सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "उचलायची एवढी हौस असेल तर ट्रक उचला. चाक लवकर बदलेल."

मोतीलालभाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले आणि लगेच त्यांनी सुमनताईंना विचारलं, "पाणी आणू? सावलीत सतरंजी टाकू?"

पारोळ्याला झिपरूभाऊ चढले. तिशीतला सडपातळ माणूस, जन्मापासून अंध, सुंभाच्या बाजा (खाटा) विणण्याचा धंदा. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात ते पळण्याचा सराव करत. पलीकडच्या टोकाला बायको उभी राहून हाक मारी आणि तिच्या आवाजाच्या रोखाने ते धावत. स्पर्धेतही तीच पद्धत होती. पण बायको नुकतीच बाळंत झाली होती, त्यामुळे ते एकटेच आले होते. धुळ्यात जो पहिला येईल तो पुण्याला राज्यस्पर्धेला जाणार होता. लेकीच्या बारशाच्या आत ही बातमी घरी न्यायची, असं ते बायकोला सांगून निघाले होते.

"काही चिंता नाही," मोतीलालभाऊ म्हणाले. "आपला एक गडी तुमचा हात धरून पळेल."

झिपरूभाऊंनी मान हलवली. "हात धरीसन लोक चालतस, पळतस नही." (हात धरून लोक चालतात, पळत नाहीत.)

धुळ्याला पांझरेच्या अलीकडे मुक्काम पडला. रात्री शेवभाजी होती आणि तिच्यावरच्या लाल तर्रीला मी लांबूनच नमस्कार केला. सकाळी मैदानावर सुमनताईंनी खुर्चीत बसून असा गोळा फेकला, की खुणेसाठी उभा राहिलेला स्वयंसेवक उडी मारून बाजूला झाला. त्यांना दुसरा नंबर मिळाला. "पहिली आली तिचा दंड बघितला का?" त्या मला म्हणाल्या. "मी तिच्याशी भांडणार नाही बाई."

मग अंधांची शंभर मीटर. एकेकाने पळायचं आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. शेवटची पाळी झिपरूभाऊंची होती. शिट्टी वाजली आणि आमच्या स्वयंसेवकांच्या उत्साहाला उधाण आलं. कोणी डावीकडून "झिपरूभाऊ, इकडे!", कोणी उजवीकडून "सरळ, सरळ!", आणि शेवटच्या रेषेवरून मोतीलालभाऊंचा भोंग्यासारखा आवाज. झिपरूभाऊ थोडं पळाले, थबकले, आवाजांच्या मधोमध गरकन फिरले आणि तिथेच उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला बघवेना.

पंचांनी, ते धुळ्यातलेच एक ड्रिलमास्तर होते, झाला प्रकार पाहून पुन्हा पळायला परवानगी दिली. पण ही शेवटचीच, असं बजावलं.

"आते बठ्ठा गप ऱ्हावा!" (आता सगळे गप्प राहा!) झिपरूभाऊ कडाडले. मग म्हणाले, "ती पुनानी ताईले उभी करा. तिन्हासारखं बोलनं आठे कोन्हंच नही." (त्या पुण्याच्या ताईला उभी करा. तिच्यासारखं बोलणं इथे कोणाचंच नाही.)

मला सरांचा उपदेश आठवला. तो आठवत असतानाच मी रेषेकडे पळत सुटले होते. मोतीलालभाऊंनी जागा सोडली, एवढंच नाही, तर स्वतःच्या तोंडावर उपरणं दाबून धरलं.

शिट्टी झाली. मी जन्मात कधी ओरडले नव्हते एवढ्या जोरात ओरडले, "या, झिपरूभाऊ, या! अहो, सरळ या!" ते निघाले. हात हवा कापत होते, मान किंचित तिरपी, कान माझ्याकडे. सगळं मैदान चिडीचूप होतं. फक्त त्यांच्या पायांचा धपधप आवाज आणि माझी शुद्ध पुणेरी बोंब. ते रेषा ओलांडून आले. मी बाजूला व्हायला हवं होतं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघंही धुळीत पडलो होतो.

"पहिला!" पंच घड्याळ पाहून ओरडले, आणि मोतीलालभाऊंच्या तोंडावरचं उपरणं सुटलं. मग जो काही गोंगाट झाला त्याला कोणीच आवरू शकलं नसतं.

परतताना पारोळ्याला ट्रक थांबला. मी ऐटीत म्हटलं, "पुण्याला मीच उभी राहीन हं, झिपरूभाऊ."

"नको ताई," ते म्हणाले. "पुनामा बठ्ठाच तुम्हनासारखं बोलतस. तठे मी मोतीलालभाऊले लई येसू." (पुण्यात सगळेच तुमच्यासारखं बोलतात. तिथे मी मोतीलालभाऊंना घेऊन येईन.)

मोतीलालभाऊंचे डोळे भरून आले. जळगाव येईपर्यंत ते आम्हाला हाक मारून दाखवत होते.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर मी अहवालाची वाक्यं मनात जुळवू लागले. मदत म्हणजे काय, ती कोणी करायची आणि कधी थांबवायची, यावर मला पानंच्या पानं लिहिता आली असती. पण मदत लागणाऱ्या माणसानेच मला निवडलं होतं आणि काम झाल्यावर त्यानेच रजाही दिली होती. याला अभ्यासक्रमात कुठला शब्द आहे, ते काही मला आठवेना.

पुण्यात पोहोचले तेव्हा माझा घसा पार बसला होता. सरांनी विचारलं, "मग, काय केलंत तिकडे?"

"ओरडले, सर," मी कुजबुजले.