पहिल्या पंगतीतून दिसणारं जग

नातीच्या साखरपुड्यात मी सवयीनं पहिल्या पंगतीला बसलो, तर तिनं मला हाताला धरून उठवलं. "आबा, आज आधी बायका जेवणार. तुम्ही वाढायला या."

पहिल्याच पानावर माझी बायको होती. "आग्रह करा की हो जरा!" ती म्हणाली आणि सगळी ओळ हसली. पण जिलेबी वाढताना माझा हात आपोआप आखडत होता, कारण आज मागे राहणारा मी होतो.

आमच्या घरच्या कार्यात कधी काही कमी पडलं नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. ते खरं नव्हतं. पहिल्या पंगतीतून तसं दिसायचं, एवढंच. घरात दुष्ट कोणीच नव्हतं. बसण्याचा क्रमच असा होता, की टंचाई नेहमी मागून बसणाऱ्या बायकांच्याच पानांवर यायची. आणि क्रम ठरवणारे आम्ही तोवर ओसरीवर सुपारी कातरत असायचो. समाजाच्या पंगतीही बहुधा अशाच बसतात.

मी जेवायला बसलो, तेव्हा परातीत नुसता पाक उरला होता. बायकोनं इकडेतिकडे पाहिलं आणि झाकलेल्या वाटीतून दोन जिलेब्या माझ्या पानात टाकल्या.

"या कुठून आल्या?"

"शेवटी बसणाऱ्या बायका आधीच बाजूला काढून ठेवतात," ती म्हणाली. "खा आता गुपचूप."